किनाऱ्याच्या कचऱ्यावर जळगावकराने का लिहावे?

आपण धुळ्याहून पाठवलेली सविस्तर प्रतिक्रिया दोनदा वाचली. मुंबईतील वर्सोवा किनाऱ्याच्या सफाईवरच्या माझ्या लेखाबाबत आपले तीन आक्षेप आहेत. समुद्रापासून इतक्या दूर जळगावात राहणाऱ्याने किनाऱ्याविषयी सल्ले देऊ नयेत, रहिवाशांनी कचरा उचलला की पालिका निवांत होते, आणि भरतीबरोबर कचरा परत येणारच असल्याने हा खटाटोप व्यर्थ आहे.

पहिल्या आक्षेपाचा एक भाग मला मुकाट्याने मान्य करावा लागतो. वाळूच्या कडेने कडुनिंब आणि गुलमोहर लावावेत, असे मी लिहिले होते. ते काळ्या मातीत वाढलेल्या माणसाचे लिहिणे होते. भरतीरेषेच्या वर, खाऱ्या वाऱ्यात आणि सरकत्या वाळूत मर्यादवेल आपणहून पसरते, तिच्या पेरापेराला मुळे फुटतात आणि ती वाळू जागेवर धरून ठेवते. तिला रान समजून उपटायचे आणि त्या जागी फरशी व हिरवळ घालायची, याला सुशोभीकरण म्हणणे मला आता जड जाते. लेखातली ती दोन वाक्ये काढून टाकली आहेत.

दूर राहण्याचा मुद्दा मात्र पटत नाही. आपल्या शहरातून वाहणारी पांझरा मुडावदला तापीला मिळते आणि तापी सुरतेपुढे अरबी समुद्राला. वाटेत उकाईचे धरण आहे, त्यामुळे धुळ्याच्या पुलावरून भिरकावलेली प्रत्येक पिशवी समुद्रापर्यंत पोहोचते असा दावा मी करणार नाही. पण मुंबईच्या किनाऱ्यावर लागणारा बराचसा कचराही असाच, नाल्यांतून आणि खाड्यांतून, समुद्र न पाहिलेल्या गल्ल्यांमधून आलेला असतो.

बहिणीकडे गेलो असताना एका रविवारी मीही वर्सोव्याच्या वाळूत कचरा उचलत दीड तास वाकलो होतो. हातभर दिसणारा जाळ्याचा दोर ओढू लागलो, तर तो वाळूखालून निघतच राहिला. शेवटी तिघांनी मिळून काढला. सर्वांत चिवट निघाले ते दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे. नखाएवढा तो तुकडा ना भंगारवाला घेतो, ना तो हाताला नीट सापडतो. तेव्हापासून घरी मी पिशवीला नुसती चीर देतो आणि कोपरा तिलाच लटकत ठेवतो. (सौ.ना हा विक्षिप्तपणा वाटतो.)

कचरा परत येतो, हे खरेच आहे. वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर 2015 मध्ये एका वयोवृद्ध शेजाऱ्यासह तिथे सफाईला सुरुवात केली, तेव्हाही तो येत होता. त्यांनी दर आठवड्याला पुन्हा उचलला, आणि मार्च 2018 मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली.

पालिकेबाबत मी आपल्या बाजूचा आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी कचऱ्याचे वर्गीकरण घरावर आणि संकलन स्थानिक संस्थेवर सोपवले. एकाने दुसऱ्याचे काम अंगावर घेण्याची त्यात सोय नव्हती. आमच्या कॉलनीतील ओपन स्पेस आम्ही झाडून काढली, गोण्या भरून कोपऱ्यात रचल्या, आणि गाडी पाच दिवस फिरकली नाही. कुत्र्यांनी गोण्या फाडल्या आणि जागा आधीपेक्षा घाण झाली. तेव्हापासून अर्जाची पोच घेऊन गाडीचा दिवस पक्का झाल्याशिवाय आम्ही खराटा हाती घेत नाही.