मुले : सोबत

आज सकाळी एका जुन्या मित्राने एक्सेल पाठवलं. न्यूझीलंड, अकरा रात्री, सात हॉटेलं, दोन्ही बेटं. खाली मेसेज, 'बघ गं जरा, काही राहिलंय का.' त्याच्या मुली तेरा आणि सोळा वर्षांच्या. चहा घेता घेता फाइल उघडली आणि चहा तसाच निवला.

राहिलंय कसलं, श्वास घ्यायला जागा नाहीये त्यात. रोज सकाळी साडेसहा-सातला निघणे. धबधबा, फोटो स्टॉप, २० मिनिटं. क्वीन्सटाउन ते मिलफर्ड साउंड आणि परत, एका दिवसात, म्हणजे बोटीचे दोन तास सोडून गाडीतच पावणेसहाशे किलोमीटर. तारीख, किलोमीटर, हॉटेल, चेक-इन, नाश्ता आहे की नाही, सगळ्याचे कॉलम. आणि एक कॉलम 'मुले'. त्याखाली अकराही दिवस एकच शब्द. सोबत. सोबत. सोबत. शेजारी 'बॅगा' असाही कॉलम होता. तिथे निदान वजन तरी लिहिलं होतं.

तरी मी गप्प बसले असते. पण तिसऱ्या दिवसापुढे 'टोंगारिरो क्रॉसिंग, पूर्ण' वाचलं आणि डोकं सरकलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उत्तर बेटावर ज्वालामुखींच्या टापूतून जाणारी ही पायवाट. मंगातेपोपोला शटल सोडते, चढून, डोंगर ओलांडून पलीकडे केतेताहीला उतरायचं. सुमारे २० किलोमीटर, सात-आठ तास, रेड क्रेटरपाशी उंची जवळपास १,९०० मीटर. एका दिशेची वाट आहे, अर्ध्यात कुठे रस्ता लागत नाही. पुढे तरी जायचं, नाहीतर आल्या वाटेने मागे. आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. नवरा आणि धाकटी पूर्ण करून आले, मी आणि थोरला मागे फिरलो. अल्बमखाली मी लिहिलंय, 'थोरल्याचा गुडघा दुखावला.' तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी खाली 'गेट वेल सून' पण टाकलं होतं.

गुडघा ठणठणीत होता.

त्याच्याकडे येतेच. आधी मला एक कळत नाही, ते बोलू द्या. पोरं चार वर्षांची असतात तेव्हा अख्खी सहल त्यांच्या झोपेभोवती आखतो ना आपण? दुपारी दोन तास हॉटेल, संध्याकाळी बाग, रात्री आठला दिवे बंद. तीच पोरं चौदाची झाली की आपल्या डोक्यातून ती पुसलीच जातात. उंचीने आपल्याएवढी झाली म्हणजे आपल्यासारखीच चालतील, आपण झोपू तेव्हा झोपतील. विमान कंपन्यांच्या लेखी बाराव्या वर्षी पोर मोठं होतं, तिकीट पूर्ण लागतं. (धाकटीला बारा पूर्ण होऊन तीन आठवडे झाले होते. तीन आठवडे! तो हिशेब माझ्या अजून जिव्हारी लागलाय.) पण विमान कंपनीने मोठं म्हटलं म्हणून शरीर मोठं होत नाही. या वयात झोपेचं घड्याळ मुळातच पुढे सरकलेलं असतं, मुद्दाम जागत नाहीत ती. त्यात पूर्वेकडे उडालात की शरीराला आणखी लवकर झोपायला सांगता, आणि तेच त्याला सगळ्यात जड जातं. ढोबळमानाने एका तासाच्या फरकाला एक दिवस लागतो रुळायला. आणि हा माणूस तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठवून डोंगरावर नेणार!

थोरला त्या रात्री तीनपर्यंत टक्क जागा होता. आम्हाला पत्ताच नव्हता. पाचला उठवला तेव्हा काही बोलला नाही, बुटात पाय घातले आणि शटलमध्ये बसला. सोडा स्प्रिंग्जपर्यंत वाट जवळजवळ सपाट आहे, तिथवर आला. पुढे डेव्हिल्स स्टेअरकेसच्या पायऱ्या लागतात. तिथे वाटेत एक पाटी आहे, थांबा, पुढे जायची तुमची खरंच तयारी आहे का, अशा अर्थाची. धाकटीने ती मोठ्याने वाचली. थोरला पाटीशेजारच्या दगडावर बसला आणि म्हणाला, "नाही."

मला वाटलं गंमत करतोय. पंधरा वर्षांचा मुलगा, शाळेच्या फुटबॉल टीममध्ये, मी बारीकशी टेकडी चढेपर्यंत दोनदा चढून येणारा. मी हसले. मग तो हसत नाहीये हे दिसलं.

मी काय म्हणाले असेन, ओळखा. आई असाल तर ओळखालच.

असो. एक्सेलकडे परत. मी मित्राला फोन केला. म्हटलं, "मुलींना विचारलंस का?" तर म्हणे, "त्यांना काय विचारायचं, सरप्राइज आहे. आणि विचारलं तर वायफाय आहे का एवढंच विचारतील." हे खरं आहे, नाही म्हणत नाही. आमच्याकडेही पहिलं उत्तर तेच आलं होतं. पण अरे, पहिलं उत्तर आहे ते! तू पहिल्या उत्तरावर थांबतोस? ऑफिसात कुणी 'जमणार नाही' म्हटलं की थांबतोस का? सोळा वर्षांच्या मुलीला बारा दिवस जगाच्या टोकाला नेताय, तिच्या सुट्टीतले बारा दिवस घेताय, तिच्या मैत्रिणी, तिचं काय ते, सगळं सोडून. आणि तिला सरप्राइज? सरप्राइज वाढदिवसाला द्यावं, तासाभरात संपतं.

मी बरंच बोलले. तो ऐकून घेत होता, आणि मग शांतपणे म्हणाला, "अगं, पण ही तुझीच फाइल आहे. गेल्या वर्षी तूच दिली होतीस. मी फक्त तारखा बदलल्या."

फोन ठेवून परत उघडली. हॉटेलांच्या रांगा फिक्या पिवळ्या. तो पिवळा मीच निवडला होता. 'मुले' हा कॉलम माझा. 'सोबत' माझं. खाली ओढत ओढत आणलंय, पहिल्या चौकटीत लिहून अकरा दिवस. तिसऱ्या दिवसाच्या टोंगारिरोला एक टीप होती, 'एक रात्र वाचते.' तीही माझीच.

एक रात्र वाचते म्हणून मी तो दिवस तिथे टाकला होता. हवा बिघडली तर शटलवाले नेत नाहीत, म्हणून जाणते लोक तिथे एक-दोन दिवस हाताशी राखून ठेवतात. हे मला माहीत होतं. वाचलं होतं. पण दक्षिण बेटावरचं आगाऊ बुकिंग, दोन बेटांमधली साडेतीन तासांची फेरीबोट, मिलफर्ड, सगळं एकमेकांत अडकवून ठेवलं होतं मी. त्या एक्सेलचा मला अभिमान होता हो. ऑफिसात दाखवलं होतं.

बरं, एवढं लिहिलंय तर मला जे आता कळलंय तेही सांगते, कुणी याच महिन्यात बुकिंगला बसलं असेल तर उपयोग होईल. उतरल्यावर पहिले दोन दिवस काहीही नको. एकाच जागी राहा, दिवसा उजेडात बाहेर हिंडा, पोरांना पाण्यात सोडा. मोठी चढाई आठवड्याच्या मध्यात. हॉटेलं सातऐवजी तीन. दोन्ही बेटं करायचीच असतील तर तीन आठवडे काढा, नसतील तर एक बेट. हो, रजा मिळत नाही, माहीत आहे. मग एकच बेट. दुसरं बेट कुठे जात नाही.

बूट. थोरल्याचे बूट मी तीन महिने आधी घेतले होते, हुशारी म्हणून, चालून मऊ होतील. पंधरा वर्षांच्या मुलाचा पाय तीन महिने गप्प बसतो होय? त्या दिवशी बूट काढला तर अंगठ्याचं नख जांभळं. त्याबद्दलही तो काही बोलला नव्हता. तेव्हा आधी घ्या, पण निघायच्या पंधरा दिवस आधी परत घालून बघा, जाड मोज्यांसकट. आणि न्यूझीलंडला जात असाल तर बुटांचे तळ घासून न्या. मातीतून बिया, रोगजंतू येतात म्हणून विमानतळावर बूट बघतात, फॉर्मवर जाहीर करावे लागतात. जाहीर न केलेली जोखमीची वस्तू सापडली की जागच्या जागी ४०० डॉलर दंड, त्यांचे डॉलर. धाकटीने चौघांचे बूट जुन्या टूथब्रशने घासले होते, प्रत्येक खाच. त्या प्रवासातलं एकमेव काम जे मी कुणाला 'दिलं' होतं, आणि ते तिने इतकं मन लावून केलं की अधिकारी बाईंनी मान डोलावली. तो किस्सा ती अजून सांगते. आजीला तर चार वेळा सांगून झालाय.

विम्याचे कागद वाचा. साध्या प्रवास विम्यात राफ्टिंग, बंजी, उंचीवरचे ट्रेक बऱ्याचदा बसत नाहीत. मुलांच्या पासपोर्टची मुदत मोठ्यांच्या पासपोर्टपेक्षा बहुधा कमी वर्षांची असते आणि ती नेमकी सहलीच्या तोंडावर संपते. कुणी पेरूचा विचार करत असेल तर तिथे आणखी वेगळं प्रकरण आहे. माचू पिचूला जाणाऱ्या इंका ट्रेलवर दिवसाला ५०० माणसंच सोडतात, हमाल-वाटाडे धरून, आणि फेब्रुवारीत वाट बंद असते. विमान जिथे उतरतं ते कुस्को शहरच ३,४०० मीटरवर आहे, उतरल्या उतरल्या धावायला लागू नका. उंची फुटबॉल टीम बघत नाही.

आणि मोबाईल. 'मुलांचे मोबाईल घरी ठेवा' असं कुणी खाली लिहिणार असेल तर लिहू नका. क्रॉसिंगवर धाकटीने ऑफलाइन नकाशा लावून बापाला नेलं. रेड क्रेटरवरून उतरताना घसरड्या मुरमाड उतारावर नवरा दोनदा बुडावर बसला, ती नाही. खाली एमराल्ड लेक्स दिसतात, खनिजांमुळे हिरवीगार झालेली तळी. बापाला पाण्यात हात घालायचा होता. तिने घालू दिला नाही, म्हणाली, इथल्या मूळच्या माओरी लोकांना ते पवित्र आहे, पाण्याला हात लावू नका म्हणून विनंती केलीय, वाचलं नाहीत का बाबा? नव्हतं वाचलं. मीही नव्हतं वाचलं. तळी तर मी फोटोतच पाहिली.

कारण मी तेव्हा खाली मंगातेपोपोच्या रस्त्याला होते.

ठीक आहे, लिहिते. मी त्याला म्हणाले होते, "एवढे पैसे घालून, एवढ्या लांब येऊन, तू आता नाही म्हणतोस?" धाकटीसमोर. अनोळखी माणसं शेजारून चढत होती, त्यांच्यासमोर. त्याने मान खाली घातली आणि बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागला. सोडायची, बांधायची. मी अजून एक वाक्य बोलले होते, तुझी बहीण बघ म्हणून. ते त्याच्या कानात किती गेलं माहीत नाही, माझ्या कानात अजून आहे.

नवरा म्हणाला, तुम्ही मागे जा, आम्ही पुढे जातो. आम्ही दोघं तासभर एकमेकांशी न बोलता उतरलो. शटलवाल्याला फोन केला, तो म्हणाला दुपारनंतर येतो. थोरला पाठपिशवीवर डोकं टाकून जो झोपला तो उन्हात दोन तास हललाही नाही. तोंड उघडं, एक पाय बुटाबाहेर, ते जांभळं नख. चार वर्षांचा असताना झोपायचा तस्साच. मी टोपीने त्याच्या तोंडावर सावली धरून बसले. हात बदलत.

उठल्यावर म्हणाला, "आई, मी काल रात्री झोपलोच नव्हतो." मी म्हटलं, सांगायचं नाहीस का? तर म्हणाला, "मी सांगितलं असतं तर आपण थांबलो असतो का?"

मी उत्तर दिलं नाही. त्या फाइलमध्ये थांबायला दिवसच नव्हता.

गुडघ्याची गोष्ट त्यानेच सुचवली, परतीच्या शटलमध्ये. म्हणाला, लोकांना काय सांगशील, गुडघा सांग. मला वाटलं तो स्वतःची लाज राखतोय. आत्ता हे टाइप करताना शंका येतेय, की माझी राखत होता. ही पोस्ट टाकू का म्हणून मघाशी त्याला विचारलं. सतरा वर्षांचा आहे आता. म्हणाला, टाक, पण दोन तास नाही, साडेतीन तास झोपलो होतो मी. मला खरंच दोनच आठवतायत.

मित्राला मी दुपारी फक्त एवढं लिहिलं होतं, की बुकिंग आठ दिवस थांबव, मुलींना विचार, आणि पहिल्या उत्तरावर थांबू नकोस. हे सगळं टाइप करेपर्यंत त्याचं उत्तर आलंय.

'विचारलं. धाकटीला कयाक चालवायचीय समुद्रात. थोरली म्हणते तिला यायचंच नाही, तुम्ही तिघं जा. दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. तेच म्हणते. आता बोल.'

निळ्या टिका गेल्यात त्याला. मी वाचलंय हे दिसतंय त्याला.