कोल्हापूर ‘मागं राहिलं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘पुणं कुठं पोचलं आणि आपण कुठं? तांबडा-पांढरा रस्सा खाऊन सुस्त पडलेली माणसं आणि अडवून धरलेली हद्दवाढ, म्हणून कोल्हापूरचं मोठं खेडंच राहिलं.’ हा मेसेज दर काही महिन्यांनी आपल्या ग्रुपवर फिरत येतो. पोरं तो खरा मानतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सुस्तपणाचं आधी. शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे गावातल्या कारखान्यांच्या वस्तीत, एकदा चक्कर मारा. गुऱ्हाळाचे चरक आणि शेतीपंपाची इंजिनं दुरुस्त करता करता इथल्या मिस्त्री लोकांनी ओतकाम हातात घेतलं. लोखंडाचा लाल रस साच्यात ओतताना हात जरा थांबला, तरी कास्टिंग वाया जातं. या धंद्याला गावातली जागा पुरेना, तेव्हा तो शिरोली आणि गोकुळ शिरगावला गेला. हायवे पूर्वेला असल्यामुळं तिकडं ट्रक सरळ लागतो. सुस्त माणसांच्यानं फौंड्री चालत नाही.

पुण्याशी तुलनाच चुकीच्या पायावर आहे. मुंबईची रेल्वे पुण्याला १८५८ मध्येच पोचली. आपल्याकडं ती १८९१ मध्ये आली, तीही मिरजेहून फुटलेली शाखा, आणि इथंच संपते. पुढं सह्याद्री. वैभववाडीमार्गे कोकणात उतरणाऱ्या लाईनची चर्चा आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. तरी मिळालं त्याचा वापर झाला: स्टेशनालगत शाहूपुरी वसली आणि गुळाचा व्यापार तिथं उभा राहिला.

आता मुख्य मुद्दा, ज्याचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. पैसा शहरात का गोळा झाला नाही? कारण तो उसात आहे. ऊस तोडल्यावर जितका उशीर होईल तितका साखरेचा उतारा घटतो, म्हणून कारखाना रानाजवळच लागतो. वारणानगर, बिद्री, कागल, शिरोळ, कुठंही बघा. या उसाला पाणी लागतं. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण हाती घेतलं, त्याचा हिशोब आज गावागावांत दिसतो. त्यात १९६३ पासून ‘गोकुळ’ या जिल्ह्याच्या सहकारी दूध संघाचं दूध. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल घरात येत असेल, तर पोराला शहरात खोली भाड्यानं घ्यायची घाई नसते. २०११ च्या जनगणनेत शहर साडेपाच लाखांचं आणि जिल्हा जवळपास ३९ लाखांचा होता. शहरी लोकसंख्या जेमतेम ३२ टक्के, राज्यात ती ४५ टक्के. त्या शहरी वाट्यातही यंत्रमागांवर उभी राहिलेली इचलकरंजी आहेच. मला यात मागासलेपण दिसत नाही. भरल्या घरातली माणसं गावातच राहिली, एवढंच.

राहिली हद्दवाढ, म्हणजे शेजारची गावं शहराच्या हद्दीत घेणं. १९७२ मध्ये महापालिका झाली, त्यानंतर कित्येक वर्षं हद्द जागची हलली नाही, हे खरंच. त्यामुळं पाणी आणि कचऱ्याचं नियोजन तुटक होतं, ही तक्रार रास्त आहे. पण हद्द वाढली की शहर वाढेल, हे उलटं गणित झालं. शहर कुठं वाढायचं ते आधी पंचगंगेनं ठरवलं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी एकत्र होऊन ती गावाला पश्चिमेकडून आणि उत्तरेकडून वळसा घालते. अंबाबाईच्या देवळाभोवतीचं जुनं गाव उंचावर बसलं, राजारामपुरी पूर्वेला गेली. आपण मात्र नंतर जयंती नाल्याच्या काठानं, नागाळा पार्काच्या सखल बाजूला बांधत सुटलो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नदी फुगली की नाल्याचं पाणी उलटं गावात शिरतं. सुतारवाड्यातल्या लोकांना दर मोठ्या पावसात घर सोडावं लागतं, आणि शिरोलीजवळ हायवे बंद झाला की दूध, भाजी, पेट्रोल, सगळं अडतं.

तेव्हा गावं हद्दीत घ्यायची असतील तर जरूर घ्या, पण आधी त्या प्रत्येक गावाच्या नकाशावर २०१९ ची पाण्याची रेष ओढा आणि तिच्या आत एकाही बिल्डरला परवाना देऊ नका.