मारुतीच्या कमरेला पाणी

सोलापूरच्या माणसानं पावसाबद्दल तक्रार करू नये, असं माझी बायको म्हणते. आमच्याकडं आभाळ भरून येतं, दोरीवरचे कपडे घाईघाईनं आत जातात, आणि आभाळ तसंच तुळजापूरकडं निघून जातं. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. अशा गावचा जावई ऑगस्टात नाशकाला मामेसासऱ्यांकडं उतरला, की मामांना त्याची कीव येणारच.

"जावईबापू, नशीब काढलंत! गंगेला पूर आलाय. चला, नाशिक दाखवतो." नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.

मी खिडकीबाहेर पाहिलं. समोरची इमारत दिसत नव्हती. "पाऊस थोडा थांबला की निघू," म्हणालो. त्यावर सगळं घर हसलं. छत्री मागितली तर मामांनी रेनकोट पुढं केला. तो त्यांच्या सहाफुटी चिरंजीवांचा. माझे हात बाह्यांच्या मध्यावरच संपत होते, त्यामुळं दिवसभर मी देवांना नमस्कार केला तोही रेनकोटाच्या आतून.

"हे रामकुंड," गंगेवर पोचल्यावर मामा म्हणाले.

समोर भिंतीपासून भिंतीपर्यंत चहाच्या रंगाचं पाणी सुसाट चाललं होतं. "कुठंय?"

"खाली."

त्याच्या शेजारी लक्ष्मणकुंड, तेही खाली. पलीकडं गांधी तलाव, खाली. मामांचं बोट इतकं खात्रीनं फिरत होतं, की मीही "वा, वा" म्हणत गेलो. न दिसलेल्या स्थळांचे मी फोटोही काढले. घरी आल्यावर पाहिले तर सगळे एकसारखे, फक्त एकात कोपऱ्यात मामांचा अंगठा.

नारोशंकराचं देऊळ तेवढं लांबून दिसलं. तिथली घंटा म्हणजे मामांचा हळवा विषय. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांकडून आलेली ही घंटा. ही हकीकत मामांनी पुराच्या आवाजावर आवाज चढवून पूर्ण सांगितली. माझ्या टोपीवर पाऊस ताशा वाजवत असल्यानं मला त्यातलं फक्त "वसई" आणि "अप्पा" ऐकू आलं. बाकीचं मी रात्री बायकोकडून समजून घेतलं. तिला ते पाठ होतं.

कपालेश्वराच्या पायऱ्या चढून गेलो. या महादेवापुढं नंदी नाही, हे तिथलं वैशिष्ट्य. त्यामागं मोठी कथा आहे, पण त्या पावसात कुठलाही समजूतदार प्राणी बाहेर बसला नसता, असं माझं मत पडलं. सीतागुंफेत वाकून, बसून, सरपटत शिरावं लागतं. सहाफुटी रेनकोट घालून ते जमत नाही, आणि काढून बगलेत धरला तर पुढच्या आजींच्या पाठीवर अभिषेक होतो. आजी आधी "अगं बाई" म्हणाल्या, नंतर बरंच काही.

काळारामाच्या दारात मात्र मामा एकदम गप्प झाले. काळ्या दगडावरून पाणी ओघळत होतं. "१९३० चा सत्याग्रह इथलाच. बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड. दर्शनाला आत सोडा म्हणून माणसं वर्षानुवर्षं झगडली," ते म्हणाले. आम्ही ओले मोजे पिळून आत गेलो. आम्हाला कुणी काही विचारलं नाही.

मग पुन्हा गंगेकडं. कारण खरं प्रेक्षणीय स्थळ तेच आहे हे एव्हाना माझ्याही लक्षात आलं होतं. सगळं नाशिक होळकर पुलाच्या बाजूला पूर बघायला लोटलं होतं. कणीसवाल्याचा धंदा तेजीत, पोलिसांच्या शिट्ट्या, बाबांच्या खांद्यांवर पोरं. आणि जो तो दुतोंड्या मारुतीकडं बघतोय. नाशकात पूर फुटांत मोजत नाहीत, मारुतीच्या अंगावर मोजतात.

"कमरेला लागलं."

"छे, अजून मांडीलाच आहे."

"गंगापूर धरणातून दहा हजार सोडलंय म्हणे. संध्याकाळपर्यंत छातीला."

"दहा हजार म्हणजे काय पूर झाला? १९६९ चा बघायला हवा होता."

"२००८ ला काय कमी होतं? सराफ बाजारात होतो मी!"

दोन्ही पक्षांत चांगलीच जुंपली. मी एका सद्गृहस्थांना हळूच विचारलं, हे दहा हजार म्हणजे लिटर का? त्यांनी माझ्याकडं परदेशी पाहुण्याकडं बघावं तसं बघितलं. "क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लिटर." मी ओल्या बोटांनी मोबाइलवर हिशेब केला. आमच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीसारख्या पावणेतीनशेवर टाक्या, दर सेकंदाला, डोळ्यांदेखत पुढं चालल्या होत्या. मला पहिल्यांदाच त्या पाण्याकडं बघून गलबलून आलं. "अहो, भरून घ्या की कुणीतरी!" असं मी मोठ्यानं म्हणालो असं मामा सांगतात.

तेवढ्यात कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवलं: विसर्ग कमी केला. गर्दीतून एक सुस्कारा निघाला. कणीसवाल्यानं शेगडीवर ताडपत्री ओढली. मारुती मांडीवर आला.

मामांचा चेहरा बघवत नव्हता. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र फोन वाजला आणि त्यांची कळी खुलली.

"जावईबापू, उद्याचं तिकीट रद्द करा. त्र्यंबकला पावसानं परत जोर धरलाय!"

माझ्याकडं कोरी उरलेली एकमेव वस्तू म्हणजे ते तिकीट. मामींनी ते पापडाच्या डब्यात ठेवलं होतं.