सुभद्रा पुरुषाने केली तर कला, आणि कृष्ण बाईने केला तर तडजोड?

बालगंधर्वांचं नाव निघालं की आपल्याकडे कुणाचं दुमत नसतं. नारायण श्रीपाद राजहंस नावाचा पुरुष भामिनी झाला, रुक्मिणी झाला, सिंधू झाला आणि घरंदाज बायका त्याचं बघून लुगडं नेसायला शिकल्या, हे आपण कौतुकाने सांगतो. २०११ साली त्यांच्यावर सिनेमा आला तेव्हा सुबोध भावेला शालूत बघायला लोकांनी गर्दी केली. मीही गेले होते, आनंद भाटेंच्या गाण्यासाठी तर पुन्हा जाईन.

पण ह्याच रसिकांसमोर एखाद्या मुलीने ‘सौभद्र’ ह्या संगीत नाटकातला कृष्ण उभा केला, की मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी पहिला प्रश्न ठरलेला: “मुलगा नाही का मिळाला?”

आमच्या हौशी मंडळात मी ऑर्गन वाजवते. यंदा आमचा कृष्ण मुलगी होती. मुलगे मिळाले होते हो! तिच्याइतकं गाणारा त्यांत कुणी नव्हता, एवढंच. हे मी ज्यांना सांगितलं त्यांच्यापैकी निम्म्यांना पटलं नाही. “तुम्ही भागवून नेलंत, छान” असं एक गृहस्थ म्हणाले, आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

पुरुषांनी बायकांची कामं करायची पद्धत पडली ती काही सौंदर्यदृष्टीतून नव्हे. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं तेव्हा कुलीन घरातली बाई नाटकात उभी राहणं शक्यच नव्हतं. मग शकुंतला पुरुषानेच करायची. ती नड होती, आणि तिचं सोनं पुढे भाऊराव कोल्हटकरांसारख्यांनी केलं. ह्या नडीला आपण परंपरा म्हणतो, वर तिच्या नावाने उसासे टाकतो. आज मुलीने कृष्ण केला तर मात्र नड दिसते.

त्या जुन्या मंडळींचं वागणं आपल्यापेक्षा मोकळं होतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. केशवराव भोसले लहानपणी ‘शारदा’ नाटकात शारदा करत आणि पुढे त्यांनीच ‘मानापमान’चा नायक धैर्यधर गाजवला. दीनानाथ मंगेशकरांनी ‘भावबंधन’मध्ये लतिका केली, ‘रणदुंदुभी’मध्ये तेजस्विनी केली, आणि ‘मानापमान’मध्ये धैर्यधरही केला. सवाई गंधर्वांची सुभद्रा गाजलेली. छोटा गंधर्वही सुरुवातीला स्त्रीपार्टच करत. गळा, वय, अंगकाठी बघून पार्ट ठरत आणि बदलत. ८ जुलै १९२१ चा तो संयुक्त ‘मानापमान’ घ्या. टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव आणि बालगंधर्व एकत्र उभे राहिले. भामिनी पुरुष, धैर्यधर पुरुष, आणि त्या रात्रीच्या आठवणी लोकांनी जन्मभर सांगितल्या.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट, जी प्रेक्षकांत बसून सहसा ध्यानात येत नाही.

तेव्हा माइक नव्हते. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर नायकालाही वरच्या पट्टीतच गावं लागे. म्हणजे नायक-नायिका दोघांच्याही पट्ट्या एकमेकांच्या जवळ असत. नायिका बायका करायला लागल्या, माइक आले, पुरुष आरामात काळी एक-काळी दोन अशा खालच्या पट्ट्यांत उतरले, आणि साथीदारांची पंचाईत सुरू झाली. ह्याआधीच्या आमच्या ‘सौभद्र’मध्ये कृष्ण काळी एकमध्ये गायचा आणि सुभद्रा बऱ्याच वरच्या काळी चारमध्ये. तबलजी दोन तबले घेऊन बसायचा. एकाचं पद संपून दुसऱ्याचं सुरू होणार की मी सा, म्हणजे मूळ सूर, बदलणार, तो तबला बदलणार, तेवढ्यात प्रवेशाची हवा गेलेली असायची. ह्या वेळी आमचा कृष्ण काळी चारचाच. ‘नच सुंदरी करू कोपा’ झाल्यावर सा जागचा हलला नाही, तबला हलला नाही, नाटक सलग वाहत गेलं. संगीत नाटक जसं लिहिलं गेलं त्याच्या जवळ आम्ही मुलीमुळे गेलो, असं माझं स्पष्ट मत आहे.

ह्याचा अर्थ मिशी चिकटवली की झाला पुरुष, असा नाही. बायकांनी केलेल्या पुरुषभूमिका मी पुष्कळ बघितल्यात आणि त्यांतल्या बऱ्याच सुमार होत्या. छाती पुढे, पाय फाकवून चाल, आवाज ओढून खर्जात. आमच्या पोरीनेही तालमीत हेच सुरू केलं होतं. गद्य जाड आवाजात बोलायची आणि पद सुरू होईपर्यंत गळा बसायचा. दिग्दर्शकांनी तिला सांगितलं, तुझ्याच आवाजात बोल, फक्त घाई करू नकोस, कृष्णाला पुढचं सगळं माहीत आहे. तिथून ती सुटली. बालगंधर्वांनी पदराची, मानेची, लाजण्याची जी मेहनत घेतली, तेवढी पुरुषभूमिकेवर घ्यायला बायकांना वेळ आणि प्रयोग मिळालेत कुठे? फक्त बायकांच्या संगीत नाटक मंडळ्या शंभर वर्षांपूर्वी होत्या, त्यांचे नायक बायकाच. त्यांतल्या एका तरी नायकाचं नाव आपल्याला पटकन आठवतं का? हिराबाई बडोदेकरांनी १९२९ मध्ये स्वतःची नाटक कंपनी काढली, १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या, ह्या तारखा आपण पाठ करतो. पण त्या बायकांनी बायकांची कामं परत मिळवल्याच्या तारखा आहेत. त्या बायकांच्या मंडळ्या सोडल्या, तर पुरुषांची कामं मागायला फारसं कुणी गेलंच नाही.

“पण डोळ्यांना पटत नाही हो” हा आक्षेप राहतोच. १८८८ सालचा जन्म असलेल्या बालगंधर्वांनी १९३१ मध्ये कान्होपात्रा केली. त्रेचाळिसाव्या वर्षी, भरलेल्या अंगाने, तरुण मुलगी. डोळ्यांना पटत असेल की नसेल, ‘जोहार मायबाप’ सुरू झाल्यावर कुणी वयाचा हिशेब मांडत बसलं नाही. तीच सवलत एका तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीला द्यायला काय हरकत आहे?

मग आज पुरुषांनी सुभद्रा करावी का? माझा हात इथे आखडता आहे. दशावतारात पुरुष स्त्रीपार्ट करतात, त्या खेळाची घडणच तशी आहे, तिथे मी बोलणार नाही. संगीत नाटकात मात्र हिशेब बघा. ‘सौभद्र’मध्ये कृष्ण, अर्जुन, नारद हे गाणारे पुरुष. बायकांच्या वाट्याला सुभद्रा आणि रुक्मिणी. आमच्या गावातल्या गायनाच्या क्लासात मुली ढिगाने, मुलगे शोधावे लागतात. अशा वेळी आहेत त्या दोन नायिकाही पुरुषाला द्यायच्या असतील, तर तो गळा तसाच असामान्य हवा. मिळाला तर मी स्वतः साथीला बसेन.

आता पुढच्या प्रयोगाला अर्जुनही मुलगीच हवी असं आमच्यात घाटतंय. कृष्णाला आणि नारदाला आपल्या डोळ्यांसमोर मिशी नसतेच, त्यामुळे तिथे भागलं. अर्जुन संन्यासाच्या वेषात येतो, त्याला दाढी लागणार. त्यावर मंडळात जोरदार भांडण चालू आहे. एक गट म्हणतो दाढी लावली की लोक हसणार. मी म्हटलं, अहो, अज्ञातवासात वर्षभर बृहन्नडा होऊन नाच शिकवणारा माणूस तो, त्याला काय फरक पडणार आहे? मेकअपवाले काका म्हणतात दाढीचं ते बघून घेतील, फक्त पदं लांबवू नका, घामाने डिंक सुटतो.