साडूभाऊंना सावजी खायचं होतं

मे महिन्यात नागपूरला पाहुणे येत नाहीत हा आमचा गोड समज समृद्धी महामार्गानं पार मोडून टाकला. भिवंडीजवळ आमणेला गाडी चढवायची, 701 किलोमीटर सरळ दाबत यायचं नि दिवस बुडायच्या आत आमच्या दारात हॉर्न. उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर येतो म्हणून हे सगळे ताडोब्याला निघालेले असतात, वाटेत नागपूर लागतं, आणि नागपुरात मी लागतो.

यावेळी ठाण्याचे साडूभाऊ होते, सोबत त्यांचा मित्र आणि मित्राची बायको. मेहुणी आली नव्हती. ती इथलीच, नागपूरच्या महाल भागात वाढलेली, तिनं फोनवर फक्त विचारलं, "कुठं नेऊन राहिले भाऊजी त्यांना?" मी सांगितलं तर नुसती हसली न् फोन ठेवला.

हिनं घरी वडाभात केला होता, सोबत कढी. पण कुलरसमोर अजून घाम वाळला नव्हता तेवढ्यात साडूभाऊ म्हणाले की आज ऑथेंटिक सावजी आणि मग तुमचं नाईटलाइफ. "आणि त्याला सांगा हं, मुंबईचे आहेत म्हणून तिखट कमी करू नको. मी कोल्हापूरची मिसळ खाणारा माणूस आहे." आता हे मिसळीचं सर्टिफिकेट आजवर आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं मला दाखवलंय, त्यामुळं मी काही बोललो नाही, चाव्या घेतल्या.

गोळीबार चौकाकडं एका भोजनालयात गेलो. हे जेवण मुळात हातमागावर बसणाऱ्या हलबा कोष्टी लोकांच्या घरचं, आधी जवसाच्या तेलात व्हायचं वगैरे मी सांगून राहिलो होतो पण तोवर ताटं आली आणि माझं कोण ऐकतं. स्टीलचं ताट, कांदा, लिंबू, भाकरी, आणि वाटीत मटण. म्हणजे मटण खाली कुठंतरी असावं, वर बोटभर काळपट लाल तर्री होती आणि तिच्यात छताची ट्यूबलाइट अख्खी दिसत होती.

पहिल्या घासाला काहीच होत नाही, इथंच लोक फसतात. साडूभाऊ म्हणाले, "हॅ, एवढंच?" नि दुसऱ्या घासाला भाकरी पार बुडवून घेतली. मग ते मिरं, दगडफूल, लवंग, जे काय असतं ते घशात उतरून माघारी येतं. आधी कान लाल झाले, मग टकलावर बारीक थेंब उभे राहिले, मग त्यातला एक निघाला आणि भुवईवरून थेट वाटीत. "फ्लेवर चांगलाय," ते म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता. वाढप्यानं वाटी अर्धी रिकामी पाहिली आणि न विचारता पळीभर रस्सा ओतला. इथं पोट भरलं हे तोंडानं सांगायचं नसतं, वाटीवर हात ठेवायचा असतो, आणि साडूभाऊंचे दोन्ही हात तेव्हा डोळ्यांवर होते.

मित्राची बायको शाकाहारी. तिनं विचारलं व्हेज काय, वाढपी म्हणाला पाटोडी, बेसनाची वडी असते ताई. व्हेज म्हणजे सौम्य असा तिचा हिशोब असावा, रस्सा तोच असतो हे तिला कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या घासानंतर ती बोललीच नाही, नुसती समोरच्या साखरेच्या बरणीकडं बघत बसली.

बाहेर आल्यावर साडूभाऊ अगदी सहज म्हणाले, "इथं आईस्क्रीम कुठं चांगलं मिळतं हो?" आणि आमचं नाईटलाइफ सुरू झालं. खरं सांगायचं तर मे महिन्यात आमच्याकडं दिवस नसतोच, दुपारी पंचेचाळीस डिग्रीत कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही, सगळं गाव रात्रीच बाहेर निघतं, आज्या, कडेवरची पोरं, सगळे, अन् रात्री दहाला गोकुळपेठेत आईस्क्रीमच्या दुकानासमोर गाडी लावायला जागा मिळेल तर शपथ. तिथं दोन-दोन कप झाले. मग लस्सी. मग मित्राच्या हट्टापायी एका लाउंजमध्ये गेलो, डीजेचा आवाज असा की ऑर्डर हातवारे करून द्यावी लागली. साडूभाऊंनी सगळा वेळ बर्फ चघळला आणि बिल आल्यावर त्यांना परत घाम फुटला.

फुटाळ्याला वारं होतं जरा. भोसलेकालीन तलाव, काठावर ही गर्दी. त्यांनी भाजलेलं कणीस घेतलं आणि कणीसवाल्यानं सवयीनं लिंबाची फोड तिखटात बुडवून त्यावर रगडली तेव्हा त्यांचा चेहरा मला पाहवला नाही. लगेच पानठेल्यावर नेलं, डबल गुलकंद लावून दिला. मित्र शेजारच्या माणसाचा खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, बघून म्हणाला हे काय असतं, ट्राय करू का, मी त्याचा हात धरला. तेवढं नको बाप्पा.

वाटलं आता घरी. तर साडूभाऊ, "अरे, तर्री पोहे राहिले की!" ह्याला काय म्हणावं सांगा. आता हा माणूस भुकेला नव्हता, हा इज्जतीला पेटला होता. पोहेवाल्यानं माणूस ओळखला. "दादा, तर्री मारू का सुकेच देऊ?" साडूभाऊ थोडा वेळ पातेल्यातल्या उकळत्या हरभऱ्यांकडं बघत राहिले, मग म्हणाले, "मारा." थांबा म्हणेपर्यंत पोहे दिसेनासे झाले होते.

पहाटेची सफारी अर्थात गेली. गेटवर उजाडताना पोचायचं होतं, आणि आमच्या घरात बाथरूम एक. हिनं दहीभात करून ठेवला, तो मात्र पातेलं पुसून संपला. दुपारच्या सफारीचं काहीतरी जमवून ते निघाले.

रात्री फोन आला. वाघ नाही दिसला म्हणे. "पण इथं एका ढाब्यावर सावजीचा बोर्ड आहे. हलकं काय घेता येईल हो?"

मी म्हटलं, पाटोडी घ्या. व्हेज असते.