गठ्ठा कॉटखाली

इस्लामपूरचा माझा एक मित्र त्रैमासिक काढतो. परवा फोनवर म्हणाला, "तुमचं बरं आहे बाबा, तिकडे वाचणारे आहेत. इथे वाचक संपला." मला हसू आलं. इथे इंग्लंडमध्ये, लीड्सला, आमच्या वस्तीचा अंक निघतो, त्याच्या दीडशे प्रती खपवताना आमच्या तोंडाला फेस येतो.

अंक आम्ही रिसोवर छापतो. यंत्र जपानी, पण जात आपल्या सायक्लोस्टाइलचीच. स्टेन्सिल ड्रमवर गुंडाळायची, एका ड्रमातून एकच रंग. दुसरा हवा तर ड्रम बदलून तेच कागद पुन्हा घालायचे. साठच्या दशकात मुंबईत लघुअनियतकालिकंही, म्हणजे ठरलेल्या वेळेचं बंधन नसलेले छोटे अंक, स्टेन्सिल कापून निघायची, हे इथल्या पोरांना सांगितलं तर त्यांना ते भारी वाटलं. ती काढणाऱ्या अशोक शहाणे, राजा ढाले यांच्या पिढीला त्यात काही भारी वाटलं नसावं. तेवढंच परवडत होतं.

मधोमध पिना मारायच्या तर पानं चारच्या पटीत लागतात. गेल्या खेपेला मजकूर तीस पानांतच संपला. उरलेल्या दोन पानांवर एका सोमाली आजींची पाककृती आणि बसचं वेळापत्रक टाकलं. लोकांनी नेमकी तीच पानं फाडून फ्रिजवर लावली. संपादकीय माझं होतं. त्याबद्दल अजून कुणी बोललेलं नाही.

टपाल इथे महाग. पाकिटाची जाडी अडीच सेंटिमीटरच्या वर गेली की थेट पार्सलचा दर. म्हणून अंक पायी आणि सायकलवरून जातो: न्हावी, लाँड्री, दवाखाना, ग्रंथालय. घड्या घालणाऱ्यांची आणि अंक वाटणाऱ्यांची नावं लेखकांच्याच टायपात छापतो.

मित्राची तक्रार अगदीच खोटी नाही; वाचकापर्यंत अंक पोचवणं तिकडेही अवघड झालंय. डिसेंबर 2024मध्ये भारतीय टपाल खात्याने पुस्तकांची सवलतीची रजिस्टर्ड सेवा एकाएकी बंद केली. ओरड झाल्यावर 1 मे 2025पासून 'ज्ञान पोस्ट' आलं: 300 ग्रॅमला 20 रुपये, पाच किलोला 100. पण त्यात नियतकालिकं चालत नाहीत. वर्तमानपत्रांच्या सवलतीसाठीही 1898च्या टपाल कायद्यात दोन अंकांमध्ये 31 दिवसांहून जास्त अंतर चालत नसे. त्रैमासिक बिचारं दोन्हीकडून बाहेर. यावर भांडायलाच हवं.

तरी 'वाचक संपला' हे मला पटत नाही. 'मनोरंजन' मासिकाने 1909 साली दिवाळी अंक काढला, ती प्रथा अजून चालू आहे. गावोगावच्या लायब्रऱ्या दिवाळीनंतर एकदाच पैसे घेऊन महिनोन्‌महिने अंक फिरवतात. एक प्रत किती घरं हिंडते! असली सोय मला लीड्समध्ये कुठेच दिसली नाही. माझ्या मित्राने मात्र आपल्या गावच्या लायब्ररीची पायरी कधी चढलेली नाही. त्याच्या अंकात संपादक मंडळाची नऊ नावं असतात. वितरणापुढे 'कार्यालय' एवढंच. अंक घेऊन हिंडणं म्हणजे हात पसरणं, असं आपल्याकडे लिहिणाऱ्यांना का वाटतं कोण जाणे.

"मागच्या अंकाच्या उरलेल्या प्रती कुठायत?" मी विचारलं.

"कॉटखाली."

"किती?"

आधी त्याने तिथल्या पावसाचं सांगितलं. मग म्हणाला, "दोनशे दहा."