खानावळवालीच्या वहीचं काय?

तुमची कथा एका बैठकीत वाचली. १९८२च्या मुंबईतल्या गिरणी संपातलं लालबागचं बिऱ्हाड, तांब्याचा हंडा मोडीत घालायचा प्रसंग फार नेमका उतरलाय. बायको आधी हंडा चिंचेने घासते, मग देते. विकायचाय तो, तरी घासते! तिथे मी जरा थांबलोच.

पण एक खटकलं. खालची खानावळवाली नायकाला शेवटच्या पानापर्यंत उधारीवर जेवू घालते. कुठून? तिचा सगळा कारभार गिरणीच्या पगारावर. वाण्याकडून महिन्याच्या बोलीवर धान्य उचलायचं, आणि कोकणातले, साताऱ्याकडचे एकटे राहणारे गडी पगार झाला की पैसे टेकवणार. १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि त्यातले कितीतरी गावची गाडी धरून निघून गेले. जेवणारे गेले, उधारी वहीत राहिली. वाणी थोडाच गावी गेला होता!

अशा खानावळी चालवणाऱ्या बायका आधीच सावकाराच्या व्याजात अडकलेल्या. त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून तर प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. अशा बाईला नुसती दयाळू 'मावशी' करून टाकणं म्हणजे (स्पष्टच बोलतो, राग नसावा) तुम्ही सोपी वाट धरलीत. नायकाच्या उपाशी पोटाबद्दल पाच पानं आहेत, तिच्या चुलीबद्दल दोन ओळी.

पुढची कथा तिच्या वहीवरून लिहा. वाट बघतोय.